पॅडल बंद दिसतं म्हणून

"मॅडम, दिनेशले उद्यापासून बंद करून टाकतो. तुरटीचा डोस त्याच्याच हातात आहे ना?"

वैद्य साहेब लॅबच्या दारात उभे. ते आमच्या पाणी शुद्धीकरण प्लांटचे इंजिनीअर, वर्ध्याकडचे. दिनेश साहू आमचा ऑपरेटर, ठेक्यावरचा. ठेक्यावरच्या माणसाला काढायला एक फोन पुरतो.

"संध्याकाळपर्यंत थांबा सर. मले पाहू द्या."

"दोन दिवस पाहूनच राहिल्या तुम्ही."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी इथली केमिस्ट. दोन दिवसांपासून फिल्टरमधून गढूळ पाणी निघत होतं आणि मला कारण सापडत नव्हतं. रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून, म्हणजे आमच्याच वस्तीतून, तक्रारींचे फोन सुरू होते. त्यात एक माझ्या सासूबाईंचा.

पावसाळ्यात नदीचं पाणी चहाच्या रंगाचं येतं. त्यातली माती इतकी बारीक की आपणहून खाली बसत नाही. म्हणून तुरटी घालतो. आधी मिनिटभर जोरात घुसळायचं, तुरटी सगळीकडे पोचते. मग मोठ्या टाकीत लांब पॅडल अगदी सावकाश फिरतात. कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात. त्याला आम्ही फ्लॉक म्हणतो. तो जड होऊन तळाशी बसला की वरचं पाणी फिल्टरला जातं.

मी तुरटी वाढवली, मग कमी केली, दुसरा लॉट वापरला. डोस स्वतः दोनदा मोजला. दिनेशची चूक नव्हती. जार टेस्टही पुन्हा केली. म्हणजे काचेच्या जारमध्ये तेच पाणी आणि तीच तुरटी घालून छोट्या पंख्यानं ढवळायचं. जारमध्ये फ्लॉक मस्त बसला. प्लांटमध्ये मात्र नाही. डोकं सटकायची वेळ आली. डबा तसाच राहिला, खुर्चीत बसवेना.

शेवटी बीकर घेऊन टाकीवर गेले. जिथून पाणी आत येतं तिथल्या बीकरमध्ये पुंजके दिसले. जिथून बाहेर जातं तिथल्या बीकरमध्ये नुसती धूळ. म्हणजे फ्लॉक बनत होता आणि वाटेत मोडत होता. मी पॅडलकडे पाहिलं. पाण्यावर फेस आला होता.

"दिनेश, हे इतकं जोरात काहून फिरून राहिलं?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं. मग म्हणाला, "दीदी, परसों हेड ऑफिस के बड़े साहब लोग आए थे ना. वैद्य साहब डाँटे, ये बंद क्यों पड़ा है. मैं बोला चालू है. बोले, तो चालू दिखना चाहिए. मैं स्पीड बढ़ा दिया."

"मले सांगितलं काहून नाही?"

"आप तो बस फिटकरी का पूछते रहे."

राग दिनेशचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. दोन दिवसांत मी एकदाही टाकीपर्यंत चालत आले नव्हते.

लॅबमध्ये दोन जार लावले. एक सावकाश, एक जोरात. जोराच्या जारमधला फ्लॉक काही मिनिटांत फुटला. साहेबांना बोलावून दाखवलं.

"स्पीड वाढवला कोणी?" त्यांनी दिनेशकडे पाहिलं. दिनेश जमिनीकडे पाहत होता. माझा वार्षिक शेरा साहेबच लिहितात. तरी मी म्हणाले,

"सर, तुम्ही."

साहेबांनी जार उचलून उजेडात धरला. "मी फक्त म्हटलं होतं का चालू दिसलं पाहिजे."

"मग त्यानं दाखवलं, सर."

ते दिनेशला एवढंच म्हणाले, "कमी कर दे."

संध्याकाळी फिल्टरचं पाणी स्वच्छ झालं. ठेकेदाराला फोन गेला नाही. रजिस्टरमध्ये साहेबांनी लिहिलं, 'यांत्रिक समायोजन'. कोणी बिघडवलं ते लिहिलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिनेशला पॅडलच्या दांड्यावर, पाण्याच्या वर, लाल पट्टा मारायला लावला. आता साहेब लोक येतात, पट्टा सावकाश फिरताना पाहतात आणि समाधानानं चहाला जातात.