ओदेतबाईंकडे ठेवून आलेला डबा

मोताळ्याहून एसटीने मलकापूर, रेल्वेने मुंबई, विमानाने पॅरिस, पुन्हा रेल्वे आणि शेवटी दिवसातून दोनदाच धावणारी बस. एवढा खटाटोप फ्रान्समधल्या एका एवढ्याशा खेड्यासाठी, कारण तिथे माझी लेक पल्लवी नुकतीच बाळंत झाली होती. व्हिसा तीन महिन्यांचा. जावई दिवसभर शहरात कामावर. मी परतल्यावर तान्ह्या नातीसह ही एकटी, या काळजीनं मला विमानातही झोप लागली नाही.

गाव मात्र देखणं! दगडी घरं, उतारावर गहू, कुंपणापलीकडे तांबूस गाई. दुकान एकही नाही. सकाळी पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवते, की सगळी म्हातारी मंडळी रस्त्यावर. लांब पाव सव्वा युरोला. तुरीची डाळ आणि तिखट मात्र घरूनच न्या.

त्या गाडीपाशीच शेजारच्या ओदेतबाई भेटल्या. सत्तरीच्या, ताठ. रोज "बोंजूर" म्हणायच्या आणि फाटकाबाहेरूनच वळायच्या. मी स्टीलच्या डब्यात शिरा पाठवला. संध्याकाळी डबा फाटकाच्या खांबावर, घासून लख्ख आणि रिकामा! बेसनाच्या पातोडीची भाजी पाठवली, पुन्हा तेच.

"काऊन वं, रिकामा डबा वापस करते ही बाई?" मी चिडले.

"आई, इथं लोकायच्या घरात असं कोणी घुसत नाही. भांडं साफ करून देलं, की झालं त्यायचं."

"मंग मी गेल्यावर तुह्याकडे कोण पाहीन?"

पल्लवी रडणाऱ्या बाळाला घ्यायला आत गेली.

जुलैत गावजेवण आलं. गावाची सामाईक दगडी भट्टी वर्षातून एकदा पेटते आणि घरोघरचे पाव तिथेच भाजतात. अक्रोडांखाली लांब टेबलं; ताट-चमचे ज्याचे त्याने आणायचे. त्या दिवसांत गेलात तर ग्रामपंचायतीत आधी नाव द्या. मी कणकेचे गोळे वळून रोडगे केले, भट्टीवाल्याने निखाऱ्याशेजारी जागा दिली. ओदेतबाई समोरच बसल्या. वरणात चुरलेला रोडगा, वर तूप. बाईंनी ताट पुसून खाल्लं. रिकामं ताट दिसलं की माझा हात थांबत नाही. मी वाढत राहिले, त्या पुसत राहिल्या. शेवटी लालबुंद होऊन पल्लवीला काहीतरी म्हणाल्या.

"आई, बस कर! ताटात टाकणं इथं वाईट दिसते, म्हणून खाऊन राह्यल्या त्या!"

सगळं टेबल हसलं, मीही.

"मंग त्यायले आपल्या डब्याचं बी सांग," मी म्हटलं.

पल्लवीनं सांगितलं: आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात आणि घरात येऊन चहा घेतात. बाई ओशाळल्या. आपण आत आलो तर बाळंतिणीला त्रास होईल, असं त्यांना वाटत होतं.

परत मोताळ्याला निघताना मी तोच डबा बेसनाच्या लाडवांनी भरून त्यांच्या हातात दिला.

मोताळ्यात परतले तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात होतं. शेजारणींना फोटोंत गाई दाखवल्या, भट्टी दाखवली. डब्याबद्दल मात्र पल्लवीला फोनवर विचारायचा धीर होईना. मग एका दुपारी व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर ओदेतबाई! पल्लवीच्या स्वयंपाकघरात, मांडीवर माझी नात.

मागून ओले केस पुसत पल्लवी आली. "निवांत आंघोळ करून राह्यली होती मी, आई."

"डबा द्यायले आल्या काय त्या?"

"डबा तं कवाचाच आला, मुरंबा भरून. आता त्या बिनडब्याच्याच येतात."