वाजवून घेतलेला वॉकर

कराड सोडलं तेव्हा सुमन, म्हणजे आमची सौ., मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती आणि डिकीत स्टीलचा वॉकर खडखडत होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन पावसाळा सरला, तरी तिनं वॉकरला हात लावला नव्हता. "तो घेऊन बाहेर पडले की गल्लीतलं कुत्रंसुद्धा विचारील, काय झालं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. डॉक्टरांनी शेवटी सुनावलं, "आता चालल्या नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत." त्या वाक्यानं माझी झोप उडाली होती.

म्हणून पुतणीकडे निघालो होतो; काकूसाठी वेगळाच वॉकर करतेय, असं ती म्हणाली होती. केतकी हिंजवडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून बांबूच्या वस्तू करते. आमच्या घराण्याचा यावर कपाळाला हात लावून झाला होता.

खंबाटकी उतरलो, कात्रजचा बोगदा संपला आणि समोर पुणे आलं. केतकी धायरीला असते; पूर्वी तिथं आलो होतो तेव्हा दोन्हीकडे ज्वारी होती. आता इमारती टेकडीला भिडल्यात. टपरीपाशी बसलेल्या एका आजोबांना पत्ता विचारला.

"बांबूवाल्या म्याडम व्हय? त्या गोठ्यात हायत बघा. माझाच हाय गोठा. जनावरं इकली, आता आत काय काय करत्यात, देव जाणं!"

सुमनला धरून आत निघालो आणि मी दारातच थबकलो. गव्हाणीच्या वर दिवे टांगले होते, बांबूच्या विणीतून त्यांचा उजेड मधासारखा झिरपत होता. कोपऱ्यात कामट्यांची (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची) खुर्ची होती. केतकीनं ती दोन बोटांवर उचलली आणि मला म्हणाली, "बसा काका." मी भीत भीत टेकलो. खुर्ची जराशी लवली आणि तिनं मला अलगद तोलून धरलं. जन्मभर बांबू पाहिला तो मांडवाला नाहीतर शिडीला. त्याच्या अंगात एवढं काही असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

मग केतकीनं वॉकर आणला. आच दाखवून वाकवलेल्या बांबूचा, मुठींना वेत गुंडाळलेला, पायांना जुन्या टायरचे तळवे.

"काकू, आधी केलेले सगळे मोडले," केतकी म्हणाली. "हा मोडू नये."

बाकावर बसवलेली सुमन जाग्यावरून हलली नाही. माठ घेताना वाजवतात तसं तिनं बांबूवर बोटांची पेरं वाजवून पाहिली. सगळीकडे. मग माझ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही लटका बघू जरा."

माझ्या वजनाबद्दल इथं लिहिण्याची गरज नाही. दोन्ही मुठी धरून मी पाय वर उचलले. बांबू करकरला. केतकीनं डोळे मिटून घेतले. पण तो पठ्ठ्या उभाच राहिला, आणि मी त्या गोठ्यात अधांतरी!

"उतरा आता, पोरगी घाबरली," सुमन म्हणाली आणि मुठी धरून उठली. एक पाऊल, मग दुसरं. टायरच्या तळव्यांचा आवाजसुद्धा होत नव्हता. उंबरा आला तशी थांबली, वॉकर पलीकडे ठेवला आणि ओलांडून बाहेर गेली. माझे डोळे भरून आले. मी ते लपवलेही नाहीत.

रस्त्यावर एका बाईनं स्कूटर थांबवली. सुमनचा चेहरा आक्रसला.

"अहो काकू, किती सुंदर आहे हे! कुठं मिळालं? सासूबाईंना हवं होतं."

सुमन ताठ झाली. "आमची मुलगी करते. पण सासूबाईंना काय झालं?"

पुढे बराच वेळ त्या बाईची सुटका झाली नाही.

प्रवासात मी बरंच पाहिलं आहे. लेणी पाहिली, धरणं पाहिली, तोंडात बोट घालून पाहिली. पण धायरीच्या त्या गोठ्यात जे पाहिलं त्यापुढे मला आजही शब्द सुचत नाहीत. साध्या बांबूनं एका माणसाला उठवून उभं केलं होतं.

कराडला परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जागा झालो तर शेजारचं अंथरूण रिकामं. ऑपरेशनपासून तिचा चहा मीच करून अंथरुणात देत होतो. धावत स्वयंपाकघरात गेलो. सुमन ओट्याशी उभी राहून बशीतून चहा पीत होती.

"माझा कुठाय?" मी विचारलं.

"तुम्हाला येतो की आता करायला. करा."

मी आधण ठेवलं. नकार ऐकून माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.