अर्थाची वायर

सोपान वायरमनबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. तो चांगला माणूस असता, तर केव्हाच लिहून मोकळा झालो असतो. चांगल्या माणसांविषयी लिहिताना लिहिणाराही जरा चांगला दिसतो. सोपान खोटारडा होता, बढाईखोर होता आणि कामचुकार होता. इतक्या वर्षांत माझं हे मत बदललेलं नाही. पण त्या हकिगतीतली बाकीची सगळी माणसं आता गेली आणि माझंही वय झालं, म्हणून एक गोष्ट नीट लिहून ठेवायची आहे.

एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षीचा हंगाम. नेवाशाकडच्या एका साखर कारखान्यात मी वाहन विभागाचा कारकून होतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. सोपान कारखान्याच्या नोकरीत नव्हता. फाटकाबाहेर त्याची पत्र्याची टपरी होती आणि गाड्यांच्या दिव्यांची, हॉर्नची किरकोळ कामं तो उक्ती घ्यायचा. सोलणी त्याच्याकडे होती, पण वायर तो दातांनी सोलायचा आणि ते टरफल जिथं उभा असेल तिथं थुंकायचा. माझ्या टेबलाखाली अशी लाल-काळी टरफलं नेहमी सापडत. शिपाई झाडताना त्याला शिव्या द्यायचा, मी मनात द्यायचो.

कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं असे. "भाऊसाहेब, हे काम अख्ख्या नगर जिल्ह्यात दोघांनाच येतं. एक मी, आन् दुसरा माझा उस्ताद. तो वारला." उस्तादाचं नाव विचारलं की दर खेपेला वेगळं सांगायचा. काम बिघडलं तर तेही ठरलेलं: "करंट नवा हाय. जरा रुळू द्या." एकदा त्यानं ट्रॅक्टरचा हॉर्न असा जोडला, की ब्रेक दाबला की हॉर्न वाजे. ट्रॅक्टरवाला भांडायला आला, तर ही खास सोय आहे आणि पुण्याला तिचे जादा पैसे पडतात, असं त्यानं त्यालाच पटवलं. शिवाय तो वायरीचे तुकडे लांबवायचा आणि आतलं तांबं मोडीत घालायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्याला बोलवायचे, कारण दुसरा वायरमन आणायला नगरला जावं लागे.

शेतकी विभागाकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनाट जीप होती. तिच्या बंपरवर खाली दोन पिवळे फॉग लाइट होते. सोपान त्यांना धुईचे दिवे म्हणायचा. थंडीत पाटाच्या कडेनं उसाच्या फडांमध्ये पहाटे धुई अशी दाटते, की बैलाला स्वतःची शिंगं दिसू नयेत. गाडीचे मोठे दिवे लावले तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. खालचे पिवळे दिवे असले तर निदान रस्त्याची कड दिसते. ते जुने दिवे पार कामातून गेले होते. एकात पावसाचं पाणी साचलं होतं, दुसऱ्याच्या आतला आरसा काळा पडला होता. हंगामाआधी नवे दिवे नगरहून आणले आणि बसवायचं काम नाइलाजानं सोपानला दिलं.

जुन्या पट्ट्या गंजून हातात आल्या. नव्या करून घ्यायच्या सोडून या पठ्ठ्यानं बंपरवर बाभळीची फळी आवळली आणि दिवे तिच्यावर ठोकले. लष्कराच्या जीपला बैलगाडीची फळी. त्या फळीखालून एक काळी वायर निघून चासीच्या बोल्टला जात होती, आणि ती इतकी सैल सोडली होती की खाली झोळीसारखी लोंबत होती. मी बघायला गेलो तेव्हा दिवे लागत होते, एवढं खरं. मी त्याला विचारलं, उरलेली वायर कुठे आहे? सगळी लागली, तो म्हणाला. "लागली का? बरं," मी म्हणालो. माझ्या 'बरं'चा सूर त्याला कळण्यासारखा होता. त्यावर तो त्या फळीकडे हात करून म्हणाला, "भाऊसाहेब, एक सांगून ठेवतो. ह्याचा अर्थ काढू नका."

"काय अर्थ काढायचा ते तू मला शिकवू नकोस."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, "काढा मग. बसा अंधारात."

मला हा उद्धटपणाचा कळस वाटला. वीजवाले ज्याला अर्थिंग म्हणतात, त्याला ही मंडळी नुसतं 'अर्थ' म्हणतात. हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. कचेरीच्या मीटरपाशी तो शब्द कानावर आला होता. पण गाडीलाही अर्थ असतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, आणि चोरीचा विषय निघालेला असताना सोपानच्या तोंडून तो शब्द आला. मी तो टोमणा म्हणूनच घेतला.

खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुऊन ओळीनं उभ्या केल्या. चेअरमनसाहेब नारळ फोडायला यायचे होते. जीपच्या बंपरवर झेंडूचा हार बांधताना तो त्या लोंबत्या काळ्या वायरीत पुन्हा पुन्हा अडकायला लागला. सोपानचा गबाळेपणा, दुसरं काय. मी रामभाऊ ड्रायव्हरकडून पक्कड मागून घेतली, ती झोळी दोन्हीकडून तोडली आणि भंगारात टाकली. हार सरळ बसला. गाडी दिसायला छान दिसू लागली, आणि सोपानची घाण निस्तरल्याचं समाधान मला दिवसभर पुरलं. दिवसाढवळ्या दिवे लावून बघायचं कुणाला सुचणार?

दिवाळीनंतर गळीत सुरू झालं. पहिल्या दाट धुईच्या पहाटे रामभाऊ शेतकी अधिकाऱ्यांना घेऊन पाटाच्या रस्त्यानं निघाला. पिवळ्या दिव्यांचं बटण दाबलं, काही लागलं नाही. मोठ्या दिव्यांवर अंदाजानं चालला आणि समोरून येणाऱ्या उसाच्या गाडीवर जीप गेली. रामभाऊचे पुढचे दात पडले. अधिकाऱ्यांना खरचटलं. गाडीवान पाथर्डीकडचा, तोडीला आलेला. त्याच्या एका बैलाचा पाय मोडला. तो माणूस कुणाशी भांडला नाही, बैलाच्या तोंडाशी बसून राहिला. कारखान्यानं त्याला भरपाई दिली आणि मग दोष कुणाचा, हे ठरवायला मॅनेजरसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

सोपान आला तो जीप पाहूनच. आयुष्यात पहिल्यांदा तो बढाई न मारता बोलला. "साहेब, म्या अर्थ दिल्ता. कुनीतरी काढलाय. पकडीनं तोडलाय, हे टोक बगा." मग त्यानं समजावून सांगितलं, की दिवे लाकडावर होते, लाकडातनं करंट जात नाही, म्हणून फळीपासून लोखंडापर्यंत काळी वायर ओढली होती. ती गेली की दिवे आंधळे.

तेव्हा मला कळलं. काय तुटलं, कुणी तोडलं आणि तो मला काय सांगत होता, सगळं एकदम. रामभाऊ माझ्याकडे बघत होता. पक्कड त्यानंच दिली होती. पण त्याच्या ड्युट्या मी लावायचो, त्यामुळे तो बोलणार नव्हता. मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, भाऊसाहेब, हा अर्थ अर्थ काय म्हणतोय?

मी म्हणालो, "साहेब, सोपानच्या बोलण्यात आजवर कधी अर्थ होता?"

सगळे हसले. सोपानही हसला, सवयीनं. भाऊसाहेब थट्टेवारी नेऊन आपल्याला सोडवतायत, असं त्याला क्षणभर वाटलं असावं. मग शेतकी अधिकारी म्हणाले, यानंच तोडून तांबं विकलं असणार, आणि सोपानचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तांबं तो विकतच होता. त्याला फाटक बंद झालं, टपरी उचलायला लावली. पुढे येणारे जाणारे त्याला हाक मारायचे, "काय सोपानराव, अर्थ दिला का?" ट्रॅक्टरवालेही त्याला काम देईनात. वायरमन म्हणून त्याचं नाव संपलं. हंगाम उलटायच्या आत तो बायकोपोरींना घेऊन निघून गेला. मी त्याला जाताना पाहिलं आणि खिडकीपासून बाजूला झालो.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, तो नागापूरला एका वर्कशॉपवर वॉचमन आहे असं कळलं. मी मुद्दाम गेलो. काय म्हणायचं ते वाटेत पाठ केलं होतं. खोलीत त्याची लेक होती, जावई होता. मला बघताच सोपाननं आवाज चढवला. "हे आमचे भाऊसाहेब. ह्यांच्यादेखत म्या राजीनामा फेकला कारखान्यात. चेअरमन हात जोडून आल्ते, सोपानराव जाऊ नका म्हून." ज्याला कधी नोकरी नव्हती, त्याचा राजीनामा. जावई कौतुकानं ऐकत होता. सोपान माझ्याकडे वळला. "सांगा की भाऊसाहेब. खरं का खोटं?"

"खरं आहे," मी म्हणालो.

तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. तिथं आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली, "सोपान, त्या जीपचं..." त्यानं हात वर केला. "सोडा वो. ज्यानं क्येलं त्याला म्या कवाच माफ क्येलंय. असंल कुनीतरी अडानी." हे तो मला उद्देशून म्हणाला की नेहमीसारखा मोठेपणा मिरवत होता, मला आजही सांगता येत नाही. मिरवतच असावा. त्यानंतर तो फार जगला नाही, आणि मी पुन्हा गेलो नाही.

त्या रस्त्यावर मला म्हणायचं होतं, सोपान, ती वायर मी तोडली, मला ते कळलंही होतं, आणि तरी मी सगळ्यांना हसवलं, माझं चुकलं. मी म्हणालो, "बरं, येतो."