साहेबाच्या विरोधात कोण बोललं

परवा तुम्ही लंडनहून पार्लमेंटच्या इमारतीसमोरचा फोटो पाठवलात. तो पाहून मला तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे आठवले. रेवदंड्याबाहेर ते फारसे कधी गेले नाहीत, पण त्या इमारतीतल्या एका साहेबाला ते आपला माणूस मानत.

हा साहेब मजुरांच्या बाजूचा खासदार. हिंदुस्थानातल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी हवी, असं तो तिथे उभा राहून बोलला होता. सासरे तेव्हा थोरल्या भावाबरोबर मिठागरावर कामाला होते. गावातल्या मास्तरांनी त्यांना ते भाषण मराठीत सांगितलं. आमच्या गावकीची रीत अशी, की कुणी मागणं मांडलं आणि पानसुपारीचं तबक फिरून येईपर्यंत कुणी विरोधात बोललं नाही, तर ते मंजूर. मास्तरांनी सांगितलेल्या भाषणात विरोधाचा शब्द नव्हता. सासऱ्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "दादा, सुट्टी मंजूर झाली!"

दादा सुट्टी म्हणून घरी राहिले. मुकादमाने त्यांना पुन्हा मिठागरावर पाऊल ठेवू दिलं नाही. मग ते तळ्याला, सासुरवाडीच्या गावी, भातशेतीत राबायला गेले आणि तिथलेच झाले.

मी लग्न होऊन आले, तेव्हा सासऱ्यांनी कुठून तरी त्या साहेबाच्या भाषणांचं पुस्तक मिळवलं होतं.

"सूनबाई, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. मंजूर झाल्याचं कुठे लिहिलंय, तेवढं बघा."

लबाडी मुकादमाची, आपण भावाला खोटं सांगितलं नव्हतं, एवढीच खात्री त्यांना हवी होती. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पुस्तकात फक्त साहेबाचीच भाषणं, इतरांची उत्तरं छापलेलीच नव्हती. पण पुढच्या एका भाषणात तो सुरुवातीलाच सांगतो, की मागच्या वेळी सभागृहाने माझी मागणी फेटाळली. मी तसंच सांगितलं.

"म्हणजे विरोधात बोलणारे होते."

"बरेच असावेत, मामंजी."

पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन एसटीने तळ्याला गेले. दादा ओटीवर सुंभ वळत बसले होते.

"इंग्रजी सून आणलीस व्हय? आता आमी तोंड कसं उघडावं!"

सासरे हसले नाहीत. "दादा, ती सुट्टी मंजूर झालीच नव्हती. आता कळलं."

"येवढ्या लांब ह्येच सांगाया आलास?"

"माझ्यामुळे तुझं काम गेलं."

दादांचे हात थांबले. "मी काय साहेबाच्या शब्दावर घरी बसलो व्हतो? तुझ्या शब्दावर बसलो."

दादांनी ते मायेनेच म्हटलं असावं. पण परतीच्या वाटेवर सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

उरलेलं पुस्तक मी एकटीनेच वाचलं. साहेब त्याच मागणीसाठी पुन्हा पुन्हा उभा राहिला होता. हे ऐकून सासऱ्यांना बरं वाटेल म्हणून मी हाक मारून सांगितलं. ते दारातूनच म्हणाले, "तुम्ही वाचा. त्यांना परत उभं राहता आलं. दादाला कुठे आलं?"