सगळ्यांचं होऊ द्या

"सगळ्यांचं होऊ द्या, आक्का. मी मागून बसतो."

माझ्याकडं जेवायला येणारे एक कारकून, दारात आले की त्यांचं हे एवढंच बोलणं. चपला बाहेर, भिंतीला लावून. काखेत रुमालात गुंडाळलेलं स्वतःचं पितळी ताट, हातात स्वतःचा तांब्या. मग आतली पंगत उठेपर्यंत ओट्याच्या कडेला बसून राहायचे. भुकेला माणूस कसा बसतो ते मला ठाऊक आहे, मी लई जणांना जेवू घातलंय. भुकेला माणूस आत बघतो. हे रस्त्याकडं बघत बसायचे.

अफझलगंजात माझी खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, मातीच्या दोन खोल्या आन् मागं अंगण. मालक कचेरीत शिपाई होते, ते तापानं गेले. पदरात एक लेकरू. गावाकडं दिरानं दार लावून घेतलं. मला शाळा नाही, पण भाकरी येत होती. मालकांच्या कचेरीतले चार जण म्हणले, वहिनी, आम्हाला करून घाला. चाराचे वाढत गेले. सगळे नांदेड, परभणी, बीडकडचे कारकून. बायका-लेकरं गावाला, स्वतः नोकरीला हैदराबादेत. माझ्याकडं ज्वारीची भाकरी, अंबाड्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वरण. चार शिव्या खाल्ल्या असतील मी त्या चुलीपाशी, पण भाकरी कधी करपली नाही.

नवा माणूस आला की आधी जागा हेरतो, हे तुम्हीही कुठं ना कुठं बघितलं असेल. एकट्यानं राहणाऱ्याला तेवढंच एक निवडायला मिळतं. कुणी चुलीकडच्या टोकाला बसतं, भाकरी गरम मिळते. कुणी खिडकीखाली, वारा लागतो. ज्याला घरची आठवण सोसत नाही तो गप्पांच्या मधोमध घुसतो. हे ताट-तांब्यावाले पहिल्या दिवशी आले तेव्हा मी ह्यांना खिडकीखालची जागा दाखवली. ह्यांनी दाराशी बोट केलं. तिथं धूळ यायची, जाणारा-येणारा पाय ओलांडून जायचा.

"तिथं कशाला?" मी म्हणलं.

"मला बरी आहे. आन् मी सगळ्यांच्या मागून बसेन. चालेल का?"

पैसे देणारा माणूस धुळीत बसायला मागतोय, मी काय नको म्हणू? चालेल म्हणलं.

पाणी घ्यायची त्यांची एक रीत होती. बाकीचे उठून रांजणात लोटा बुडवायचे, निम्मं पाणी सांडायचे, माझ्या शिव्या खायचे. हे रांजणाजवळ फिरकायचे नाहीत. तांब्या जमिनीवर ठेवायचे, हात मागं घ्यायचे आन् माझ्याकडं बघायचे. मग मी उभ्यानंच वरून धार धरायची. जेवण झालं की ताट स्वतः घासायचे, बसल्या जागी शेणाचा हात स्वतः फिरवायचे. मी म्हणायची, राहू द्या, ते माझं काम आहे. ते हसायचे. "तुम्हाला कामं काय कमी आहेत का?"

आमच्यात देशमुख म्हणून एक होते. अंगानं भरदार, तोंडाचे फाटके. त्यांनी ह्यांचं नाव सोवळेबुवा ठेवलं.

"काय सोवळेबुवा, आमच्या सावलीनं भाकरी बाटती का तुमची?"

"तुमच्यानं कशी बाटंल, देशमुख. जेवा तुम्ही."

"मग बसा की आमच्यात."

"बसू एक दिवस."

सगळे हसायचे, तेही हसायचे. पण हळूहळू लोक त्यांना मान द्यायला लागले. कुणाच्या घरी मुंज निघाली, कुणाला एकादशी कधी ते बघायचं, की ह्यांना विचारायचे. "मला त्यातलं कळत नाही हो," ते म्हणायचे. मग तर लोकांना जास्तच वाटायचं, केवढा माणूस आन् किती नम्र. शेजारी खालाबी राहायच्या. त्या भिंतीवरून विचारायच्या, "उनो अकेले अकेले कायकू खाते जी? हमारे में तो एक थाल में सब हात डालते." मी म्हणायची, त्यांचं सोवळं आहे. खालाबी म्हणायच्या, "ऐसा कैसा सोवळा, सबके बाद भूका बैठने का?"

खालाबी निरक्षर, मीही निरक्षर, पण बोलल्या ते मला टोचलं. सोवळ्याचा माणूस पंगतीच्या आधी जेवतो, दुसऱ्यांच्या मागून नाही. आन् मी कुणब्याची. माझ्या हातची भाकरी तो खाईलच कशाला? एवढं माझ्या ध्यानात आलं. पुढचं मी मनात येऊ दिलं नाही. माणूस गोड होता, भाकरीला नावं ठेवत नव्हता. माझं लेकरू रडत असलं की जेवता जेवता त्याला तोंडानं रेल्वे करून दाखवायचा. मला तेवढं पुरत होतं.

मग हैदराबादचं राज्य फुटायचं ठरलं. तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. मराठी मुलूख तिकडं मुंबईला, तेलुगू मुलूख आंध्राला, कचेऱ्यांची वाटणी. माणसं भांड्यांसारखी वाटली. हे तिकडं, ते इकडं. माझे सगळेच निघाले. कुणाला औरंगाबाद मिळालं, कुणाला थेट मुंबई. पंगतीत दुसरं बोलणंच राहिलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला हे रजा काढून कुठंतरी गेले. आले ते निराळेच दिसले. कपडे तेच, पण मान वर. दुपारची वेळ, खानावळीत कुणी नाही, मी पुरणाची डाळ निवडत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचं निरोपाचं जेवण ठरलं होतं. ते दारातच उभे राहिले.

"आक्का, उद्या मला पंगतीत बसायचंय."

"बसा की. देशमुखांना आनंद होईल."

"आधी ऐका. माझं घर गावकुसाबाहेर आहे, महारवाड्यात. दसऱ्याला नागपूरला गेलो होतो, बौद्ध झालो. उद्या हे सगळ्यांना सांगणार आन् मग बसणार. पण खानावळ तुमची आहे. तुम्ही नको म्हणलात तर नेहमीसारखा मागून बसेन. मनात काही धरणार नाही."

माझा हात सुपात तसाच राहिला. मी म्हणलं, "सांगायलाच पाहिजे का? परवा तुम्ही जाणार, ते जाणार. कुणाला काय कळतंय, बसा गपचूप."

"गपचूप बसलो तर ते मी कुठं बसलो, आक्का?"

मी डाळीतले खडे वेचत राहिले. मग म्हणलं, "तुमचा पाट मधे मांडते." ह्यात माझा मोठेपणा काही नाही. खानावळ तशीही बसणारच होती.

दुसऱ्या दिवशी पाट मांडले. ह्यांचा मधे, देशमुखांच्या शेजारी. ताटं वाढली, पोळ्यांवर तूप सोडलं. हे आले आन् ओट्यावर न बसता सरळ आत आले. धुतलेला सदरा घातला होता. देशमुखांनी पाटावर हात आपटला.

"या सोवळेबुवा, बाटा एकदाचे आमच्यात."

पंगत हसली. हे पाटाजवळ उभे राहिले. "देशमुख, माझं सोवळं नव्हतं. मी महारवाड्यातला. आता बौद्ध आहे. तुम्हाला पुढं कधी कळलं आन् बाटल्यासारखं वाटलं तर बोल माझ्यावर यायला नको, म्हणून मागून बसत होतो. आज तुमच्याबरोबर बसायचं मनात आहे."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणारा माणूस निदान समोर तरी असतो. इथं कुणी आवाज केला नाही. एक जण म्हणला, "वहिनी, दुपारपासून पोट बरं नाही." दुसऱ्याला सामान बांधायचं आठवलं. तिसरा नुसता उठला. देशमुख तेवढे बसून राहिले. हातात पोळीचा तुकडा, तो तोंडाकडं जाईना आन् ताटात पडेना. मला वाटलं, खातात आता. शेवटी तेही उठले. एक घास खाल्ला नव्हता, तरी अंगणात जाऊन हात धुतले.

मधे उभे राहिलेल्या ह्यांनी भरल्या ताटांच्या रांगेवर इकडून तिकडं नजर फिरवली. मग आपला पाट उचलला आन् दाराशी नेऊन मांडला.

मी म्हणलं, "आता तरी मधे बसा."

"कुणाच्या मधे?" ते म्हणले. हसलेही थोडं. रुमाल सोडून ताट काढलं. "झालं सगळ्यांचं, आक्का. वाढा."

मी वाढलं. त्यांनी खाल्लं सगळं, आन् पुरण चांगलं झालंय म्हणले. पाण्याची वेळ आली तेव्हा मी म्हणलं, "आज रांजणात तुम्हीच तांब्या बुडवा." ते रांजणाकडं बघत राहिले. मग तांब्या जमिनीवर ठेवला, हात मागं घेतला.

"घाला तुम्हीच. हाताला सवय नाही."

माझ्याही हाताला सवय नव्हती. मी वरूनच धार धरली.

ताट घासून झालं. शेणाचा हात फिरवायला लागले तेव्हा मी बोळा हिसकून घ्यायला गेले, पण त्यांनी दिला नाही. लेकराच्या गालाला हात लावला आन् गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेले.

दुपारी देशमुख आले. जेवायला नाही, नुसतेच. आत न येता ओट्याच्या कडेला टेकले.

"गेले का?"

"गेले."

"काही म्हणले?"

"पुरण चांगलं झालं म्हणले."

देशमुख रस्त्याकडं बघत बसले. काहीतरी सांगायला आले होते हे दिसत होतं. कुणाला सांगणार? उठले, चपला घातल्या. त्यांना मी पुन्हा बघितलं नाही, आन् ह्यांनाही नाही.

खानावळ रिकामी झाली. पुढं तेलुगू मुलं आली, त्यांना दोन्ही वेळा भात लागायचा, मी भात करायला शिकले. दिवस गेले. पण पंगत उठल्यावर सारवत सारवत मी दाराशी आले की तिथं एक खळी होती, तांब्याच्या बुडाएवढी. रोज त्यांच्या तांब्यात वरून पाणी ओतलं, त्याच्या शिंतोड्यांनी भुई तेवढी खोल गेली होती. मूठभर मातीनं भरली असती. मी भरली नाही. सारवताना हात तिथं आला की बोटं आपसूक खाली जायची.