भरावाखालची विहीर

दापोड्याला गोदामासमोरच्या पटांगणात एखाद्या ड्रायव्हरने शेगडी मांडली, की पार्वतीबाई हजर. पाच किलोचा सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरच बर्नर, असली ती शेगडी. जरा कलली की खेळ खलास. बाई आधी टाचेने जमीन ठोकून बघायची, मग विटा दाबून बसवायची, वर पाण्याची ताटली ठेवून पाणी कुठल्या बाजूला जातं ते न्याहाळायची. तोवर ड्रायव्हरच्या पोटात कावळे ओरडायचे. मावशी इंजिनियर व्हायची राहिली, असं कुणी म्हणालं तरी ती हसायची नाही. पाचव्या खांबाजवळ तर कुणाला बसूच द्यायची नाही, शिव्या घालून उठवायची.

हे पटांगण म्हणजे एके काळचं तिचंच भाताचं शेत. विकताना नवऱ्याने, तुळशीरामने, बजावलं होतं, की शेतातल्या विहिरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, व्यवहार मोडेल. डबर टाकून विहीर बुजवली, वर मुरूम पसरला. दोन-तीन पावसाळ्यांत भराव आतून बसायला लागला. वरून मात्र सगळं सपाट.

दोन वर्षांपूर्वी विशाल आणि पंढरी हे दोघे भाऊ एकाच ट्रकवर होते. नेमकी त्या विहिरीवर, पाचव्या खांबाजवळ, पंढरीने शेगडी मांडली आणि विशाल भात ढवळायला बसला. पार्वतीबाई समोरच्या ओट्यावर मेथी निवडत होती. तिला दिसलं. सांगावंसंही वाटलं, पण शेजारी तुळशीराम होता, आणि तेवढ्यात काय होतंय, असं तिने मनाला समजावलं. एक कंटेनर मागे आला, जमीन हादरली, खचली, आणि पेटती शेगडी पातेल्यासकट विशालच्या अंगावर गेली. तो चार दिवस जगला. पुढच्या वर्षी तुळशीरामही गेला, ते गुपित हिच्या गळ्यात अडकवून. अजूनही भर दुपारी त्या खांबाजवळ तिला शिजत्या भाताचा वास येतो. तिच्या घरात भात होत नाही. ती भाकरीवर भागवते.

परवा सकाळी पंढरी माल घेऊन आला. पायरीवर बसून पाव खायला लागला. शेगडी नाही का आणली, असं बाईने विचारलं, तेव्हा म्हणाला, हात लावायची हिंमत होत नाही. आपण वीट नीट बसवली नाही म्हणून भाऊ गेला. वहिनी तेव्हापासून बोलत नाही, पुतणीला जवळ येऊ देत नाही.

"तिचं बरोबर आहे, मावशी," तो म्हणाला.

इतके दिवस बाईला वाटत होतं, हे भूत आपल्या एकटीच्याच मानगुटीवर आहे. तिचं पाप हा माणूस आपलं समजून वाहत होता.

"तुजी वीट बराबर व्हती," ती म्हणाली. "तिथं आमची बुजवलेली विहीर हाय. मला म्हाईत व्हतं, नि मी गप रायले."

पंढरीने हात उगारला असता तर तिला बरंच वाटलं असतं. त्याने उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि तिचा फोन मागितला.

"वहिनी माझा नंबर उचलत नाही," तो म्हणाला. "तुमच्या फोनवरून बोला. मला सांगितलं तसंच सांगा."

नंबर त्याला पाठ होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून तिने दोनदा विचारलं.

"मी दापोड्याची पार्वती," अखेर पार्वतीबाई म्हणाली. "तुजा नवरा माज्यामुलं गेला, बाय. फोन ठेवू नको."