दप्तरी फिट

थोरलीला आजारी पडायची सवय नव्हती. घरी तेवढी सवडच कधी मिळाली नाही. वडील नाहीत, आई बेकरीत पहाटेच्या पाळीला, आणि आजोबा चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांची कूस बदलायला, त्यांना भरवायला घरात एक मुलगी लागायचीच. म्हणून दोघी बहिणींचा सरळ ठराव होता: थोरली शिकून घरी येईल, मग धाकटी जाईल. थोरलीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. धाकटीने प्रवेशाचा अर्ज आणून ठेवला होता, त्यावर चिकटवायला फोटोही काढून घेतला होता. तेव्हा वर्ष बुडालं तर ते काही एकीचंच बुडणार नव्हतं.

आणि ताप यायला हाच आठवडा सापडला. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल शुक्रवारी, ताप आदल्या शनिवारी सुरू. दोन दिवस तिने तो अंगावर काढला. सोमवारी मात्र मेसच्या दारातूनच परत फिरावं लागलं, जेवणाचा वाससुद्धा सोसेना. खोलीतली मैत्रीण, जिला अख्खं हॉस्टेल ‘वकिलीणबाई’ म्हणायचं, तिने दंडाला धरून तिला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं.

दवाखाना म्हणजे सायकल स्टँडमागची एक खोली. एक वजनकाटा, एक पलंग, पलंगावर जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे आणि खुर्चीत नर्सबाई. डॉक्टर मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते एक. एरवी नर्सबाईच, आणि त्यांच्याकडे गोळी एकच, पांढरी. डोकं दुखो, पोट दुखो, पाय मुरगळो, तीच.

“बाई, आजारी असल्याचा दाखला मिळेल का? म्हणजे फेरपरीक्षा देता येईल,” थोरलीने विचारलं.

“डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. उद्या ये.” त्यांनी रजिस्टरात तिचं नाव चढवलं आणि गोळ्या हातावर ठेवल्या.

मंगळवारी गेली तर डॉक्टर बैठकीला.

“मग गुरुवारी ये.”

“अहो बाई, शुक्रवारी परीक्षा आहे! गुरुवारीही साहेब आले नाहीत तर?”

“मग असं कर, बरी झाल्याचा दाखला ने. त्याच्यावर साहेबांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्यात.”

धन्य आहे! आजारी माणसाला आजारी म्हणायला डॉक्टर लागतो, बरं म्हणायला कुणीच लागत नाही. पण थोरलीने विचार केला, रजिस्टरात नाव चढलंय, आता बरी झाल्याच्या दाखल्याशिवाय परीक्षेलाही बसू देणार नाहीत. चार तास दात-ओठ आवळून उभं राहू, एकदाचं संपवू. तिने हो म्हटलं. नर्सबाईंनी फोन खांद्यात धरून, कुणाशी तरी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत, फॉर्म भरला. फॉर्मवर दोन ओळी होत्या. वरची ‘आजाराचे स्वरूप’, खालची ‘सध्याची प्रकृती’. बाईंनी वरच्या ओळीत ‘फिट’ लिहिलं आणि खालची तशीच सोडली. थोरलीला तेव्हा अक्षरंसुद्धा हलताना दिसत होती, तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

बुधवारी परीक्षा विभागातल्या कारकुनाने तो कागद आधी चष्म्यातून वाचला, मग चष्मा वर करून वाचला.

“फिट येते होय तुला?”

“नाही काका. मी फिट आहे. म्हणजे, बरी आहे.”

“इथे आजार म्हणून लिहिलंय. उद्या बर्नरजवळ आकडी आली तर जबाबदार कोण? मी?”

“अहो, ओळ चुकलीये. ते खालच्या ओळीत हवं होतं.”

“ओळी मी ठरवत नाही. मोठ्या हॉस्पिटलातून लिहून आण, फिट येत नाही म्हणून.”

ती तशीच नर्सबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, सही झालेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही. स्वतः लिहिलेला शब्द स्वतःला खोडता येत नाही, असा त्या दवाखान्याचा नियम होता. थोरलीला वाटलं, तो वजनकाटा उचलून भिंतीवर आपटावा. पण उचलायला ताकद कुठे होती!

गुरुवारी सकाळी ती मोठ्या हॉस्पिटलात बाकावर बसली. नंबर त्र्याऐंशी. साडेतीन तासांनी आत गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आकडीबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. पापणी खाली ओढली, पोटाच्या उजव्या बाजूला दाबलं, थोरली कळवळली.

“कावीळ आहे. चांगली वाढलीये. इतके दिवस कुठे होतीस?”

“दाखल्याच्या मागे.”

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. थोरलीला सगळं जग छापील फॉर्मसारखं दिसायला लागलं होतं. ती हात जोडून म्हणाली, “फक्त उद्याचा दिवस सोडा. परवा दाखल होते.”

“उभं राहता येत नाहीये तुला. आत्ताच दाखल व्हायचं.”

“मग निदान लिहून तरी द्या, मला फिट येत नाही म्हणून.”

बाहेर अजून चाळीस जण होते. बाईंनी लिहून दिलं: आकडीचा आजार नाही. कावीळ, आजपासून दाखल.

तो कागद घेऊन वकिलीणबाई शुक्रवारी परीक्षा विभागात गेली. आता कावीळच लिहिलीये म्हटल्यावर फेरपरीक्षा मिळायला काय हरकत? दुपारी भेटीच्या वेळेत ती वॉर्डात आली ती संतापाने लाल होऊन.

“म्हणाला, फेरपरीक्षेला कॉलेजच्या डॉक्टरांचाच दाखला धरतात. त्यावर फिट लिहिलंय. मी म्हटलं, अहो, परवा तुम्हीच म्हणालात ना, फिट म्हणजे आकडी! तर म्हणाला, परवा शंका होती. आता या डॉक्टरांनीच लिहून दिलंय ना आकडी नाही म्हणून? म्हणजे तुमची मैत्रीण आमच्या दप्तरी फिटच. फिट असून परीक्षेला आली नाही, सबब गैरहजर.”

चार दिवस धावपळ करून आणलेल्या कागदानेच तिचा गळा कापला होता. थोरलीने घरी फोन लावला. आई बेकरीतून अजून आली नव्हती, धाकटीने उचलला. थोरलीने सगळं सांगितलं.

“मी येऊ का गं?”

“आजोबांना कोण बघेल?”

“हो, तेही आहेच.” धाकटी म्हणाली, “म्हणजे अजून एक वर्ष.”

“हो.”

“बरं. तू आधी बरी हो. वर्ष काय, गेलं तर गेलं.”

तिचा तो समजूतदारपणा थोरलीला काविळीपेक्षा जास्त बोचला. “तुला राग नाही आला?”

“आलाय ना. कुणावर काढू?”

थोरलीने नर्सबाई आठवून पाहिल्या, कारकून आठवला, बैठकीतले डॉक्टर आठवले. प्रत्येकाने आपापला नियमच पाळला होता, आणि धाकटीचा आवाज त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर जाणार नव्हता.

“माझ्यावर काढ,” ती म्हणाली.

आणि धाकटीने खरंच काढला. “कशाला घेतलास तो कागद? अंगात ताप होता ना? मग बरी आहे असं लिहून का घेतलंस? तुला कळत नव्हतं?” ती रडत बोलत होती, शब्द एकमेकांत अडकत होते. थोरलीने फोन कानापासून दूर केला नाही. पलीकडून आजोबांनी हाक मारली, त्यांना कूस बदलायची होती, तेव्हा धाकटीला फोन ठेवावा लागला.